पितृपक्षातली पाहुणी

पितृपक्ष लागला की मी काहीतरी नवं विकत घेते. मुद्दाम घेते. यंदा चपला घेतल्या, लाल पट्ट्यांच्या. दुकानदारानं दोनदा विचारलं, आप पक्का ले रहे हो ना, श्राद्ध चालू है. पंधरा दिवस बिचारा माश्या मारत बसलेला, गिऱ्हाईक आलं तर त्याचाच विश्वास बसेना. मी म्हटलं पक्का, आणि जुन्या चपला पिशवीत टाकून नव्या पायात घालूनच घरी आले. मागे एकदा चहाची गाळणी घेतली होती, एकदा मिक्सर, आणि एका वर्षी काहीच सुचेना म्हणून खोबरं खवायची विळी. घरात एक विळी असताना. हल्ली या दिवसांत मोबाईलवर संदेश येतात, अमुक करू नका, तमुक आणू नका, खाली हात जोडलेले. मी ते शेवटपर्यंत वाचते आणि पिशवी घेऊन बाजारात जाते.

पितरांशी माझं वैर नाही. माझा नवराच त्यांच्यात आहे, आणि आता सासूबाईही आहेत. नवऱ्याला तर नव्या वस्तूचं केवढं वेड. खोकं उघडताना येणारा वाससुद्धा तो डोळे मिटून घ्यायचा. बायकोनं चपला घेतल्या म्हणून तो वर बसून रागावेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्याला पाहिलेलं नाही. ही खोड मला लागली ती तो गेल्यानंतरच्या दुसऱ्या पितृपक्षात, एका गिनीपिगमुळे. हसायचं असेल तर हसून घ्या. आमच्या इमारतीतली माणसंही हसली होती.

या पंधरवड्याचं ऊन मला अजून अंगावर ओळखता येतं. गणपती गेलेले, पावसानं पाठ फिरवलेली, पण जमीन अजून ओली. वरून ऊन भाजतं आणि खालून वाफ येते. भाईंदर पूर्वेला आमची इमारत खारीगावाला अगदी खेटून. आज तिथं उभं राहिलं तर चारी बाजूंना खिडक्याच खिडक्या दिसतात, पण तेव्हा मधेमधे मोकळे तुकडे शिल्लक होते. त्यांत कमरेइतकं गवत माजायचं, त्यावर चतुर घिरट्या घालायचे, आणि वारा फिरला की मिठागरांकडून तो खारट, जरासा कुजका वास यायचा. नव्यानं राहायला आलेले नाकाला रुमाल लावत, आम्ही त्या वासावरून भरती-ओहोटी सांगायचो. जिन्यात रोज कुणाकडे तरी म्हाळ असायचा. वड्यांचा वास, लाल भोपळ्याच्या भाजीचा वास, खिरीत पडलेल्या वेलचीचा वास. पाण्याच्या टाक्यांवर कावळ्यांची नुसती चैन. आणि इतक्या वासांत, इतक्या खाण्यापिण्यात, आमच्या घरात एक जीव तोंडात काही घेत नव्हता.

त्याचं नाव राजा. मांजरीच्या पिल्लाएवढा, बिनशेपटीचा, उंदराच्या तोंडाचा आणि सशाच्या स्वभावाचा. त्याच्या जोडीला राणी. दोघं आमच्याकडे नवऱ्यानंच आणले होते, मुलीच्या, म्हणजे मनूच्या हट्टापायी. दुकानदारानं खोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, जोडी है, नर-मादी, गॅरंटी. मोठा तो नर आणि लहान ती मादी, इतकी साधी विद्या. आम्हीही मान डोलावली. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मनूनं दोघांचं लग्न लावलं. नवऱ्यानं मंगलाष्टकं म्हटली, जेवढी येत होती तेवढी, आणि सासूबाईंनी चक्क अंतरपाट धरला. पंचाचा. राजानं तो कुरतडला, त्याचं भोक सासूबाई पुढं कितीतरी दिवस सगळ्यांना कौतुकानं दाखवत होत्या.

सासूबाईंना मी आई म्हणायची. मूळच्या राजापूरकडच्या. त्यांच्या सत्ताविसाव्या वर्षी नवरा गेला, पोर पाच वर्षांचं. त्या पोराला घेऊन मुंबईला आल्या, चार घरची कामं करून त्याला शिकवलं, आणि ते पोर, म्हणजे माझा नवरा, चाळिशीच्या आत काविळीनं गेला. त्यांच्याबद्दल सांगायचं तर एवढंच पुरे. पण हे सांगून त्यांचं चित्र उभं राहत नाही. चित्र उभं राहतं ते असं: सकाळी विळा घेऊन, पदर खोचून, खारीतल्या मोकळ्या तुकड्यावर गिनीपिगांसाठी गवत कापणारी एक किडकिडीत बाई. तिथं पूर्वी ज्याची भातशेती होती तो म्हातारा बांधावर विडी ओढत बसलेला असायचा. पहिल्या दिवशी आईंनी परवानगी मागितली तेव्हा तो म्हणाला होता, "न्या न्या. आता भात पन न्हाय नि गुरां पन न्हाय. गवताला कोन इचारतंय?" त्यानंतर दोघं अर्धा अर्धा तास पावसावर बोलत असत. जोडीला तीन वर्षांत पिल्लू झालं नाही, त्याचं मात्र आईंना फार लागायचं. दोष अर्थातच राणीचा. तिला भिजवलेले हरभरे द्या, तिला जास्त पेरू द्या. राजाची कुणी कधी तपासणी मागितली नाही, हे मी तेव्हाही मनात नोंदवून ठेवलं होतं.

पक्षाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राणी पिंजऱ्यात आडवी पडलेली मिळाली. काही आजार नाही, काही नाही. मनूनं तिला बापाच्या जुन्या रुमालात गुंडाळलं आणि आम्ही गवताच्या तुकड्यात एका भेंडीच्या झाडाखाली पुरून आलो. राजा त्या दिवशी प्लास्टिकच्या पाइपच्या तुकड्यात जाऊन बसला, भिंतीकडे तोंड करून. एरवी स्वयंपाकघरात पिशवी वाजली तरी हा आतून शिट्ट्या मारायचा. कोथिंबिरीची जुडी सोडताना तर एवढा गोंधळ की फोनवर बोलणं ऐकू येऊ नये. त्या दिवशी कोथिंबीर त्याच्या नाकाला लावली तरी तो हलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मला ते भिंतीकडे केलेलं तोंड ओळखीचं होतं. नवरा गेला तेव्हा मीही अशीच बसायची. माझ्यापुढं लोक चहा आणून ठेवायचे आणि तो गार व्हायचा.

बातमी जिन्यातून वरखाली झाली आणि जो तो डोकावून गेला. शेजारच्या जिग्नाबेननं तर दारातच सल्ला दिला, दूसरी ले आओ जल्दी से, जेन्ट्स लोग अकेला नहीं रह सकता. तळमजल्यावरचे रेल्वेतून निवृत्त झालेले काका, जे माझ्याशी दीड वर्षात चार वाक्यं धड बोलले नव्हते, तेही आवर्जून आले आणि म्हणाले, पुरुषमाणूस आहे, खचतो, त्याचं लवकर जुळवून टाका. सगळ्यांचं एकमत. सगळ्यांच्या तोंडी बिचारा, बिचारा. मी मान हलवत होते. दीड वर्षापूर्वी याच दारात, याच माणसांनी मला काय सांगितलं होतं ते मला शब्दन्‌शब्द पाठ होतं. आता मुलीकडे बघून दिवस काढायचे. मन रमवायचं, देवाचं नाव घ्यायचं. हळूहळू सवय होते. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते. एका उंदरासारख्या प्राण्याबद्दल दोन दिवसांत जे त्यांना कळलं, ते माझ्याबद्दल त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मला लग्न करायचं होतं असं नाही. पण कुणाच्या मनात यायला काय हरकत होती?

आईंचाही दुसरी आणायला विरोध नव्हता. फक्त पक्षात नाही. पक्षात नवी सुईदेखील घरात येत नाही, तिथं जिवंत जीव कुठला. मग अमावस्या, मग घट बसणार, म्हणून मग दसरा. दसऱ्याला आणू या की चांगली, म्हणाल्या, मुहूर्त पण चांगला. मी बोटं मोजली. तीन आठवड्यांहून जास्त. त्या संध्याकाळी मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते नेमके गावी गेलेले, फोनवरच बोलले. या प्राण्याचं पोट सतत चालू राहावं लागतं, म्हणाले, दोन दिवस थांबलं की मग काही हातात राहत नाही. गवत आणि पेरू वाटून, पातळ करून, बिनसुईच्या इंजेक्शननं तोंडात घाला. पण त्यानं फार तर आठवडा निघेल. त्याला सोबत हवी. आणि त्यांनी नया नगरमधल्या एका बाईंचा नंबर दिला, ज्या गॅलरीत गिनीपिगच पाळतात.

मी कामाला होते एका गाळ्यात, स्टीलची झाकणं खोक्यात भरायच्या खात्यात. दिवसभर घरी आईच. तर ज्यांनी दसऱ्याशिवाय नाही असं सांगितलं, त्याच आई दर दोन तासांनी राजाला मांडीवर पंचात गुंडाळून थेंब थेंब भरवत होत्या. हे मी कधी विसरणार नाही. त्यांच्या बोटांना पाट्यावर वाटलेल्या हराळीचा हिरवा रंग चढला होता. घे रे बाबा, घे, असं पुटपुटत. अर्धं बाहेर ओघळायचं. तो घ्यायचा थोडंसं, पण पाइपमध्ये परत सोडला की पुन्हा तोंड भिंतीकडे. हातात धरला की हाडं लागायला लागली. मनू शाळेतून आली की दप्तर न काढता आधी पिंजऱ्याशी जायची आणि मग माझ्याकडे बघायची. तिनं बापाला असंच हळूहळू कमी होताना पाहिलं होतं. ती मला काही विचारत नव्हती, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

गुरुवारी मी अर्धी रजा घेतली. आईंना सांगितलं, डॉक्टरांकडे नेते. खोटं बोलले. बुटांच्या खोक्याला भोकं पाडली, खाली पंचा घातला, राजाला ठेवलं आणि रिक्षा केली. रिक्षात खोकं मांडीवर घेऊन बसले तेव्हा माझं काळीज असं धडधडत होतं की जणू मी पळून जाऊन लग्न करायला निघाले आहे. एक गिनीपिग आणायला. किती धाक असतो बाईच्या अंगात मुरलेला, तो अशा वेळी कळतो. नया नगरच्या गल्लीत दुपारचं ऊन दोन इमारतींच्या मधून पट्टीसारखं पडलं होतं. तिसऱ्या मजल्यावर नसीम आपांनी दार उघडलं. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, शाळेत शिकवणाऱ्या, चष्म्याची दोरी गळ्यात. आत गॅलरीभर गवताचा वास, आणि पाच-सहा शिट्ट्या एकदम.

त्यांनी आधी मला पाणी दिलं आणि मग राजाला उचललं. उलटा केला. चष्मा लावला. पोटाखाली अंगठा हलकेच दाबून बघितला, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ये राजा नहीं है बाजी. ये तो लड़की है."

मी म्हटलं, असं कसं, गॅरंटी होती. त्या इतक्या हसल्या की चष्मा पडला. मग मलाही हसू आलं. तीन वर्षं आम्ही दोन बायकांचा संसार बघत होतो. एकीला हरभरे भरवत होतो पिल्लू होत नाही म्हणून. दोघी एकमेकींचे कान चाटायच्या, एकाच पाइपमध्ये कोंबून झोपायच्या, आणि आम्ही त्याला नवरा-बायको म्हणत होतो कारण आम्हाला दुसरं नाव माहीत नव्हतं. आणि गेले सहा दिवस अख्खी इमारत ज्या विधुराची काळजी करत होती, तो विधुर नव्हताच. ती मागं राहिलेली बाई होती, माझ्यासारखी.

मी आपांना पक्षाचं सांगितलं. म्हटलं, आमच्यात या दिवसांत घरात नवं काही आणत नाहीत, सासूबाई कडक आहेत. त्यांनी शांतपणे ऐकलं. पाहिजे तर मी ठेवून घेते हिला तुमचे दिवस संपेपर्यंत, म्हणाल्या, पण पोरीचा बाप गेलाय म्हणता, मग तिच्यासमोरून हीपण घराबाहेर गेलेली तिला कशी वाटेल ते तुम्ही बघा. मग त्यांनी फरशीवर चादर टाकली, मधोमध गवताचा हा ढीग, आणि राजाला एका बाजूला सोडलं. दुसऱ्या बाजूला एक लहान पोरगी, तपकिरी, कपाळावरून पांढरा पट्टा उतरलेली. राजानं दात वाजवले. हे त्यांचं रागावणं. पोरगीला त्याचं काहीच नव्हतं. ती सरळ ढिगात घुसली, पलीकडून निघाली आणि राजाच्या पोटाखाली शिरली, कोंबडीच्या पंखाखाली पिल्लू शिरतं तशी. राजा ताठ उभी. कितीतरी वेळ. आपांनी मला दंडाला धरून ठेवलं होतं, हलू नको म्हणून. मग राजानं मान खाली घातली, पोरगीचा कान हुंगला, आणि शेजारची एक काडी तोंडात घेतली. ती काडी हळूहळू आत जाताना मी पाहिली. गवत चावल्याचा तो बारीक करकर आवाज माझ्या कानांना सहा दिवसांनी ऐकू आला, आणि मी तिथंच, एका अनोळखी बाईच्या घरात, फरशीवर बसून रडले.

येताना खोक्यात दोघी होत्या. मी कुणाला विचारलं नाही.

आई दारातच होत्या. खोक्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं. एवढंच म्हणाल्या की पक्ष चाललाय. मी म्हटलं, हो. आणि आई, राजा बाई आहे. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, ते मला तेव्हा वाचता आलं नाही. त्यांनी पाठ फिरवली आणि स्वयंपाकघरात गेल्या. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. बोलल्या त्या शनिवारी, भोपळा चिरताना, माझ्याकडे न बघता. उद्या आपला म्हाळ. भावोजी येतील पान ठेवायला. त्यांच्या नजरेला पडता कामा नये, सकाळी नेऊन दे परत, दसऱ्याला पुन्हा आण.

भावोजी म्हणजे त्यांचे थोरले दीर, माझ्या नवऱ्याचे मोठे काका. विरारला राहायचे. आमच्या घरात पुरुष उरला नव्हता, म्हणून आईंच्या नवऱ्याचं आणि माझ्या नवऱ्याचं पान ठेवायला ते यायचे. ते आले की आई डोक्यावर पदर घ्यायच्या आणि दाराच्या चौकटीपलीकडून बोलायच्या. नवरा गेल्यापासूनच्या छत्तीस वर्षांत त्यांच्यासमोर त्या खुर्चीवर बसलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, "पिंजरा हलणार नाही, आई. काकांना चालत नसेल तर त्यांनी दुसरीकडे बघावं." लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना असं तोंडावर उत्तर दिलं. आई भोपळा चिरत राहिल्या.

रविवारी पान झालं, गच्चीवर कावळ्यासाठी वाडी ठेवली, तो लगेच शिवला. काका खूश होऊन खाली आले आणि जेवायला बसता बसता त्यांना पिंजरा दिसला. त्यांना फोनवरून अर्धी बातमी होतीच. हसले. काय, राजाला दुसरी केली म्हणे? पक्ष संपेपर्यंत थांबायचं होतं खरं तर, पण जाऊ दे, पुरुषाची जात, उपाशी मरत होता म्हणालीस ना. एवढं उदार मन. मी तोंड उघडणार तोच मनू म्हणाली की आजोबा, राजा मुलगी आहे.

काकांचा घास हातात राहिला. त्यांनी पिंजऱ्याकडे पुन्हा पाहिलं. दोघी एकाच पाइपमध्ये होत्या, दोन तोंडं बाहेर, काकडीचं एकच साल दोन टोकांनी खात.

"मग घाई कसली होती?" काका म्हणाले. "बाईची जात, राहिली असती एकटी. चार दिवसांत सवय होते."

ते वाक्य. तेच वाक्य. माझ्याकडे उत्तर तयार होतं, दोन रात्री घोकलेलं, चांगलं लांबलचक. ते मला कधी बोलावंच लागलं नाही. आई वड्यांची परात घेऊन बाहेर आल्या होत्या. चौकटीच्या अलीकडे. पदर डोक्यावर होता, पण आवाज असा होता की मी वळून पाहिलं.

"भावोजी, तुमची पहिली आषाढात गेली. आणि त्या साली म्हाळाच्या पंगतीत तुमची दुसरी ठरली. ह्याच पक्षात. वडे मी तळत होते, मला सगळं ऐकू येत होतं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मनूकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं. आईंनी त्यांच्या पानात दोन वडे वाढले, खिरीची वाटी जवळ सरकवली आणि म्हणाल्या, जेवा, गार होतायत. आणि काका जेवले. मुकाट्यानं, पानातलं सगळं संपवून. जाताना पिंजऱ्याकडे त्यांनी बघितलं नाही. पुढच्या वर्षीपासून पान मीच ठेवलं. कावळ्यानं कधी तक्रार केली नाही.

इमारतीचं सांगायचं राहिलं. राजा बाई आहे हे कळल्यावर सगळ्यांची कळकळ आटली. जिग्नाबेन म्हणाली, अच्छा, तो फिर क्या जरूरत थी. तळमजल्यावरच्या काकांनी तर हात झटकले. मी कुणाला काही समजावायला गेले नाही. समजावण्यात मी पुष्कळ वर्षं घालवली आहेत. राजा त्यानंतर तीन वर्षं जगली, गुबगुबीत झाली, आणि चिंगीला, हे नाव मनूनं ठेवलं, तिनं स्वतःच्या पिल्लासारखं वाढवलं. एवढं उत्तर मला पुरतं. आणि दरवर्षी पक्षात एखादी नवी वस्तू, कुणाला ते उत्तर कमी पडत असेल तर.

पण त्या रविवारचं एक राहिलं. काका गेल्यावर आम्ही दोघी भांडी आवरत होतो. मनू पिंजऱ्याशी लोळत होती. आई परात पुसता पुसता आपणहून बोलायला लागल्या. ज्या साली काकांचं दुसरं ठरलं, त्याच साली आईंचा भाऊ त्यांच्यासाठी एक स्थळ घेऊन आला होता. बिजवर, गिरणीतला माणूस, पोराला सांभाळतो म्हणाला होता. त्यांनी त्याला एकदा लांबून पाहिलंही होतं, विहिरीवरून येताना. उंच होता, म्हणाल्या. भावोजींनी भावाला चहा दिला आणि सांगितलं, पोर लहान आहे, आत्ताच नको, तिला म्हणावं जरा थांब.

परात केव्हाच कोरडी झाली होती, त्या अजून पुसत होत्या.

"थांब म्हणाले, थांबले मी," आई म्हणाल्या. "आता पुरे, असं सांगायला मागं कुणी आलंच नाय."

मी त्यांच्या हातातून परात काढून घेतली आणि ओट्यावर ठेवली. म्हटलं, "मग मी सांगते, आई. पुरे आता."

त्यांनी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला आणि बाहेर जाऊन खुर्चीवर बसल्या.

"उशीर केलास गो," म्हणाल्या.